शिट्ट्या किती, हे विचारायचं राहिलं

कुमुद,

आज तुला जाऊन एकेचाळीस दिवस झाले. दिवस मोजायची माझी खोड तुला माहीत आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मोजून काय करणार, रिपोर्ट लिहिणार का?" तर होय, रिपोर्टच लिहितो आहे असं समज.

मराठी मंडळाने शोकसभा घेतली. माणसं एवढी आली की कम्युनिटी सेंटरचा मोठा हॉल घ्यावा लागला. तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, इथे कॅनडात मार्कहॅमच्या मराठी शाळेत तू किती वर्षं शिकवलंस, सगळं सांगून झालं. एकाने तुला "शांत आणि मितभाषी" म्हटलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो म्हणून, नाहीतर मोठ्याने हसलो असतो. त्यातलं काही मी इथे परत लिहीत नाही. मला तुझ्याशी एका दिवसाबद्दल बोलायचं आहे, आणि त्या दिवशी अर्धवट राहिलेल्या भांडणाबद्दल.

त्याला निमित्त झालं निळ्या फोल्डरचं. आपल्या मीनलने फोनवर तुझ्या पासपोर्टची कॉपी मागितली होती, ती शोधताना कपाटातून इटलीच्या ट्रिपचा फोल्डर निघाला. दोन हजार सातचा ऑक्टोबर. अकरा दिवसांची अकरा पानं, प्रत्येक पान प्लास्टिकच्या पाकिटात. रोम, फ्लॉरेन्स, मग समुद्रकाठचं ते छोटं गाव. सातव्या दिवसाच्या पानावर वर मी टाइप केलेलं आहे, "विश्रांती". त्याखाली : आठला नाश्ता, नऊला कपडे धुणे, साडेदहाला समुद्रकिनारा, साडेबाराला जेवण, दोनला पोस्टकार्ड लिहिणे, चारला टेकडीवरचं चर्च. या सगळ्यावर तू निळ्या पेनने एक आडवी रेघ मारली आहेस आणि खाली लिहिलं आहेस, "काही नाही."

ती रेघ तू इथेच, आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर मारली होतीस. तुला अकरा दिवसांत एक दिवस रिकामा हवा होता आणि मला रिकामा दिवस म्हणजे फुकट गेलेलं तिकीट वाटत होतं. चार दिवस आपली हुज्जत चालली. शेवटी तू माझंच हत्यार माझ्यावर चालवलंस.

"तुमच्या मशिनांना सुट्टी देता ना?"

वॉनमधल्या बिस्किटांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मी हेच केलं. मशिन धडधाकट चालू असताना ते ठरल्या दिवशी बंद करायचं, उघडायचं, तपासायचं. प्रॉडक्शनवाले दर वेळी ओरडायचे आणि मी दर वेळी सांगायचो, बिघाड व्हायची वाट बघू नका, आधी शिका, आधी तयारी करा. घरी जेवताना हे भाषण तुला इतक्यांदा ऐकवलं होतं की तुला ते पाठ झालं होतं.

"मग माझा शटडाउन कुठे आहे?" तू म्हणालीस. "छत्तीस वर्षांत एकदाही नाही. मॅनेजर झोपा काढत होते का?"

मी पान पुढे सरकवलं आणि तू रेघ मारलीस.

आणि नेमका त्या दिवशी पाऊस. पहाटेपासून लागला होता. आपली खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना इतका अरुंद की सुटकेस डोक्यावर घ्यावी लागली होती. खोलीत एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात दोन शेगड्यांचा गॅस. हिरव्या झडपांची खिडकी उघडली की समोर पिवळी-गुलाबी घरं आणि त्यांच्यामधून हातभर समुद्र दिसायचा. तोही त्या दिवशी राखाडी होता. किनाऱ्यावरच्या होड्या उलट्या करून ठेवल्या होत्या. मी खिडकीपाशी उभा राहून पावसाला वैतागत होतो. ट्रेनचं टाइमटेबल काढून बघितलं. जेनोव्हाला जाऊन एखादं म्युझियम तरी उरकता आलं असतं.

तू पांघरुणात बसून संत्रं सोलत होतीस. केस मोकळे सोडले होतेस आणि मांडीवर मागच्या वर्षीचा दिवाळी अंक. तो तू विमानात वाचायला घेतला होतास आणि विमानात झोपली होतीस. मी तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघितलं तेव्हा तू मान वर न करता विचारलंस, "जेवायला काय करताय?"

"मी?"

"आज शटडाउन आहे. स्वयंपाकीण बंद."

मला वाटलं, थट्टा आहे. बाहेर जाऊन खाऊ म्हटलं, तर तू म्हणालीस की या पावसात तू पलंगावरून पाय खाली ठेवणार नाहीस. शिवाय सुटकेसमध्ये तुझा तो छोटा कुकर होताच. दोन माणसांपुरता, खास प्रवासाचा. टोरांटोच्या एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या बाईने त्याची शिट्टी चिमटीत धरून दिव्याखाली फिरवून फिरवून बघितली होती आणि तू तिला "राइस, राइस" म्हणून समजावत होतीस. सोबत झिपलॉकमध्ये तांदूळ, मुगाची डाळ, मोहरी, हिंग, हळद, सगळं मोजून बांधलेलं. म्हणजे हे तू घरूनच ठरवून आली होतीस. हे माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली.

मी कॅनडात आलो तेव्हा तू यायच्या आधीचे सात महिने ब्रेड, उकडलेली अंडी आणि डब्यातले बीन्स यांवर काढले होते. त्यानंतर मी शेगडी पेटवली ती फक्त चहासाठी. म्हणून मी सांगितलं, असं तोंडी जमणार नाही, प्रोसीजर लिहून घेतो. सातव्या दिवसाचंच पान पाकिटातून काढलं, उलटं केलं आणि कारखान्यात आखायचो तसे रकाने आखले. क्रमांक, काम, वेळ, शेरा. तू पलंगावरून सांगत गेलीस, मी एकेक ओळ लिहून तसं करत गेलो.

ते पान आत्ता माझ्यासमोर आहे. एक, तांदूळ एक वाटी, मुगाची डाळ अर्धी वाटी. दोन, तीनदा धुणे. तीन, तेल तापवून मोहरी, हिंग, हळद. इथे मी तुला विचारलं होतं की मोहरी घातल्यावर किती सेकंद थांबायचं.

"तडतडली की कळतं."

"पण किती सेकंदांनी?"

"अहो, ती स्वतः सांगते. फक्त ऐकायचं."

शेऱ्यात मी लिहिलं आहे, "ऐकणे." चार, डाळ-तांदूळ परतणे, दोन मिनिटं. पाच, पाणी साडेचार वाट्या. सहा, मीठ. तू म्हणालीस, अंदाजाने. मी म्हटलं, अंदाज हे माप नाही. तू म्हणालीस, "छत्तीस वर्षं त्याच मापाने जेवताय, एकदा तरी मशिन बंद पडलं का?" सात, झाकण आणि शिट्टी लावणे. आठ, शिट्ट्या, आणि पुढे डॅश.

आकडा लिहायला मी पेन उचललं आणि तेवढ्यात पहिली शिट्टी झाली.

इथे हजारो वेळा ऐकलेला तो आवाज, पण त्या गावात दुपारी एकला काय घुमला तो! दुकानं बंद, गल्लीत चिटपाखरू नाही, पावसाचा तेवढा आवाज, आणि त्यात आपला कुकर किंचाळला. समोरच्या दोन खिडक्यांच्या झडपा फाडकन उघडल्या. खाली कुत्रं भुंकायला लागलं. जिन्यावर धपाधप पावलं आणि मग दारावर थापा. मी गॅस बंद केला आणि दार उघडलं, तर दारात पंचाहत्तरी उलटलेली एक बाई. एप्रन, केसांना जाळी, हातात मिटलेली छत्री अशी धरलेली की मी एक पाऊल मागे सरलो. "गास! गास!" म्हणून ती ओरडत होती.

पाय खाली ठेवणार नव्हतीस ना तू? टुणकन उडी मारून आलीस. तिचा हात धरून तिला शेगडीपाशी नेलंस, कुकर दाखवलास, शिट्टी बोटाने उचलून तोंडाने "फुस्स" केलंस, पोटावरून हात फिरवून दाखवलास. तुला इटालियन येत नव्हतं आणि तिला त्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. दोन मिनिटांत दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. तिने छातीवर हात ठेवून "रोझा" म्हटलं आणि तू लगेच तिची रोझाबाई केलीस.

रोझाबाई आपल्या खालच्याच खोलीत राहायची. गळ्यातलं लॉकेट उघडून तिने नवऱ्याचा फोटो दाखवला, वर बोट केलं आणि मग एक बोट उभं धरलं. एकटी. मग माझ्या गळ्यात अडकवलेल्या टॉवेलकडे बघून तिने ढवळल्याची खूण केली. हा रांधतो? तू ऐटीत सांगितलंस, "फर्स्ट टाइम!" आणि माझ्याकडे वळलीस. चेहरा अजून हसराच होता.

"बघा, ही एकटी करते आणि जेवते. लिहा पुढे. मी नसले तर तुम्ही काय खाणार?"

मी म्हटलं, "असलं काहीतरी बोलू नकोस. फिरायला आलोय आपण."

"साधा प्रश्न विचारला मी."

"मला हे शिकायचंच नाही. तू आधी जायचं नाहीस. संपला विषय."

माझा हिशोब पक्का होता, कुमुद. तू पाच वर्षांनी लहान, तुझं बीपी नॉर्मल, तुझी आई नव्वदीपर्यंत जगली. आधी मी जाणार. त्यासाठी मी तुला एक वेगळा फोल्डर करून दिला होता, लाल रंगाचा. फर्नेसचा फिल्टर कधी बदलायचा, थंडी पडायच्या आधी बाहेरचा नळ कुठून बंद करायचा, विंटर टायर कधी लावून घ्यायचे. एकेक गोष्ट तुझ्याकडून करवून घेतली होती. तू निमूटपणे बेसमेंटमध्ये आली होतीस, हात काळे करून फिल्टर बदलला होतास आणि वर जाऊन मला चहा दिला होतास.

तेच तू त्या खोलीत काढलंस. "तुम्ही मला फिल्टर बदलायला शिकवलंत, तेव्हा मी रडले का?"

मी पेन टेबलावर आपटलं, रोझाबाईसमोर, आणि जॅकेट उचलून बाहेर पडलो. छत्री विसरलो. दोन मजले उतरल्यावर आठवली, पण रागावून निघालेला माणूस छत्रीसाठी परत कसा जाणार?

त्यानंतरचा पाऊण तास मी काय करत होतो, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. बंदरापाशी कमानी होत्या, त्यांच्याखाली उभा होतो. बुटांत पाणी शिरलं होतं. समोर समुद्र आणि पाऊस एकमेकांत मिसळून गेले होते, बघण्यासारखं काही नव्हतं. मी तिथे उभं राहून आपलं मार्कहॅमचं स्वयंपाकघर बघत होतो. तुझा एप्रन खिळ्याला, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी, शेगडी थंड आणि टेबलाशी मी. ते चित्र तू एका वाक्यात माझ्यासमोर उभं केलं होतंस आणि मला ते डोळ्यांसमोरून हलवता येत नव्हतं. मला राग आला नव्हता, कुमुद. मी घाबरलो होतो. पुढे चार वर्षं मी ते राग म्हणून खपवलं. आज सांगतो आहे, उशीर झाला आहे, पण सांगतो आहे.

शेवटी भूक लागली आणि मी परत आलो. खिचडी झाली होती. माझ्या पाठीमागे तू गॅस पुन्हा पेटवला होतास. तीन ताटल्या मांडलेल्या. तूप नव्हतं म्हणून रोझाबाईने खालून ऑलिव्ह ऑइलची बाटली आणली होती आणि खिचडीवर चक्क चीज किसलं होतं. टॉवेल घेतलास आणि माझं डोकं खसाखसा पुसलंस, मीनल लहान असताना तिचं पुसायचीस तसं. रोझाबाई ताटलीकडे बघून जेवत राहिली. भल्या बाईने मान वर केली नाही.

"चांगली झाली आहे," मी म्हटलं.

"तुम्हीच केलीत. मी फक्त शिट्ट्या मोजल्या."

आणि मग तू माझ्याकडे बघत थांबलीस. किती, एवढं एकच विचारायचं होतं मला. शब्द ओठांपर्यंत आला होता. मी म्हटलं, "मीठ जरा कमी आहे."

तू हसलीस. "ठीक आहे. विचाराल तेव्हा सांगेन."

बाकीच्या दिवसात आपण खरोखर काही केलं नाही. तू मला दिवाळी अंकातली एक कथा मोठ्याने वाचून दाखवत होतीस आणि तिसऱ्या पानावर मी झोपलो. भर दुपारी, बाहेर उजेड असताना. अशी झोप मी कॉलेजनंतर घेतली नव्हती. उठलो तेव्हा पाऊस बारीक झाला होता आणि तू खिडकीत बसून खालच्या रोझाबाईशी हातवारे करून बोलत होतीस. संध्याकाळी बंदरापर्यंत चालत गेलो. त्याच कमानींखालून जाताना तू माझा हात धरलास. आपल्या पिढीला रस्त्यात हात धरायची सवय नाही, मी आधी इकडेतिकडे बघितलं. कुणी ओळखीचं नव्हतं. मग मीही तुझा हात घट्ट धरला. अकरा दिवसांत आपण सतरा म्युझियम आणि चर्च बघितली, यादी फोल्डरमध्ये आहे, आणि आज मला त्यातलं एकही धड आठवत नाही. रिकामा दिवस मात्र तासातासाने आठवतो. रेघ मारल्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले.

विचारायला मला चार वर्षं होती. तू अधूनमधून आठवणही करून द्यायचीस. कुकर लावताना मी स्वयंपाकघरात आलो की एक भुवई वर. मी पाण्याचा ग्लास भरून बाहेर. तू कधी चिडली नाहीस, कधी परत तो विषय काढला नाहीस. आणि मग त्या बुधवारी सकाळी तू लायब्ररीतून आणलेली पुस्तकं टेबलावर ठेवलीस, "जरा बसते" म्हणालीस, आणि बसलीस. त्यापुढचं मला लिहायचं नाही.

त्यानंतर लोकांनी मला उपाशी राहू दिलं नाही. मंडळातल्या बायकांनी रोजच्या डब्यांची पाळी लावली. डब्यांवर नावं, तारखा. तीन आठवडे चाललं. मग माणसं आपापल्या कामाला लागली, तेही बरोबरच आहे. फ्रीज रिकामा झाला आणि मी टोस्ट, केळी आणि दूध यांवर आलो. म्हणजे बाईसाहेब, तू विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तू नसलीस तर मी टोस्ट खातो.

मीनल वीकएंडला तिच्या ब्रॉसार्डच्या घरून आली होती. तिने फ्रीज उघडला, बंद केला, परत उघडला.

"बाबा, यू कान्ट लिव्ह ऑन टोस्ट."

"केळीही आहेत."

"आय ॲम नॉट जोकिंग. आमचा बेसमेंट रेडी आहे. सेपरेट वॉशरूम आहे, एन्ट्रन्स पण सेपरेट आहे. कॉर्नरला डेपानर आहे, तुम्हाला दूध-पेपर आणायला चालत जाता येईल. ख्रिसमसच्या आधी या. प्लीज."

तिचं बरोबर होतं. तिचा चेहरा तुझ्यासारखा झाला होता, हट्ट करताना होतो तसा. पण कुमुद, मला हे घर सोडायचं नाही. इथे कढीपत्ता आहे. इथे बेसमेंटच्या भिंतीवर फिल्टर बदलल्याच्या तारखा तुझ्या अक्षरात आहेत. तू मागवलेले या वर्षीचे दिवाळी अंक आले आहेत, पाकीट अजून फोडलेलं नाही. इथे मी एकटा असलो तरी तुझ्या घरात आहे, तिथे लेकीच्या घरात पाहुणा होईन. तिला हे सगळं सांगता आलं नाही. एवढंच म्हटलं की दोन आठवडे दे.

"ओके. टू वीक्स. पण रिअल फूड. शिजवलेलं. मला फोटो ईमेल करा. नाही जमलं तर यू आर कमिंग, नो आर्ग्युमेंट."

ती परत गेली आणि दोन दिवसांनी फोल्डर सापडला. प्रोसीजर तयारच होती, आठव्या ओळीपर्यंत. मी छोटा कुकर खाली काढला. आठव्या ओळीचं काय करायचं, हा प्रश्न मला फारसा अवघड वाटला नाही. आकडा माहीत नसेल तर प्रयोग करून काढायचा, त्यात काय? पहिल्या दिवशी दोन शिट्ट्या. तांदूळ मध्ये टणक, डाळ दाताखाली येत होती. शेरा : "अपुरं." तरी खाल्ली. फोटो पाठवला नाही.

दुसऱ्या वेळी म्हटलं, मोठी उडी घेऊ. पाच. आपली शेगडी इलेक्ट्रिक, तिचं तापणं-निवणं सावकाश, हे मी लक्षातच घेतलं नाही. तिसऱ्या-चौथ्या शिट्टीच्या मध्ये मी खिडकीतून बर्फ बघत उभा राहिलो. या वर्षीचा पहिलाच, भुरभुर पडत होता. पाचवी शिट्टी झालीच नाही. त्याऐवजी करपट वास आला आणि स्मोक डिटेक्टर बोंबलायला लागला. मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतो आहे, तेवढ्यात दारावर थापा. समोरच्या मिसेस लिआंग, ज्यांच्याशी तू उन्हाळ्यात मेथीच्या बदल्यात काकड्यांचा व्यवहार करायचीस. गमबूट, डोक्याला स्कार्फ आणि हातात बर्फाचं फावडं, मारायला उगारल्यासारखं.

"यू ओके? फायर?"

मी दारातच हसायला लागलो. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. हसता हसता मला उभं राहवेना, जिन्याच्या पायरीवर बसलो. मला रोझाबाई दिसत होती, छत्री घेऊन. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसलो, कुमुद, आणि हसणं थांबल्यावर रडलो, तेही पहिल्यांदाच. मिसेस लिआंगनी फावडं भिंतीला टेकवलं आणि शांतपणे खिडक्या उघडल्या. मग कुकर उघडून वरवरची खिचडी एका चमच्यात घेतली, चाखली आणि निकाल दिला, "टॉप गुड. बॉटम नो गुड." जाताना म्हणाल्या, पुढच्या वेळी त्यांच्यासाठीही ठेवायची.

आता राहिले होते तीन आणि चार. सरळ हिशोब आहे. आणखी एक, फार तर दोन प्रयोग आणि आकडा हातात. आज सकाळी मी डाळ-तांदूळ धुतले, फोडणी केली. मोहरी तडतडली, तिने स्वतः सांगितलं. झाकण लावायला घेतलं आणि थांबलो. तू काय म्हणाली होतीस? विचाराल तेव्हा सांगेन. शोधून काढाल तेव्हा, असं नव्हती म्हणालीस. आकडा तर मी कधीही काढला असता. तुला आकडा द्यायचाच नव्हता मला. तुला एवढंच हवं होतं की मी एकदा, भीती बाजूला ठेवून, तोंड उघडून म्हणावं की कुमुद, मला शिकव.

तुझ्या फोटोला विचारलं. मोठ्याने विचारलं, घरात कुणी नव्हतं. मग मीनलला फोन लावला. मला वाटलं नव्हतं तिला माहीत असेल. ती खिचडी इलेक्ट्रिक राइस कुकरमध्ये करते, मी खाल्ली आहे. पण विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

"मीनल, मुगाच्या खिचडीला किती शिट्ट्या?"

मला वाटलं, फोन कट झाला.

"बाबा, से दॅट अगेन."

"किती शिट्ट्या द्यायच्या? मला येत नाही. मला शिकायचं आहे."

"थ्री," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "तीन. मग स्टोव्ह लो, फाइव्ह मिनिट्स. बाबा, आईने मला सांगितलं होतं. तुम्ही इटलीहून आलात ना, तेव्हाच. शी मेड मी प्रॉमिस. म्हणाली, बाबा विल आस्क यू वन डे. ते विचारेपर्यंत डोन्ट टेल हिम."

"चार वर्षं माहीत होतं तुला? मी टोस्ट खात होतो तेव्हाही?"

"इट वॉज किलिंग मी! पण ती म्हणाली होती, ज्या दिवशी ते स्वतः विचारतील ना, त्या दिवसानंतर त्यांची काळजी करू नकोस."

मग तिने नाक शिंकरलं आणि तुझ्या आवाजात विचारलं, "झाकण नीट लावलंय ना?"

"लावतोय."

"देन स्टे, बाबा. बेसमेंट कुठे जात नाही. ख्रिसमसला आम्हीच येतो तिकडे. यू कुक."

तर कुमुद, तुझं उत्तर पोचलं. फिरून आलं, ब्रॉसार्डवरून आलं, पण पोचलं. मी आधी जाणार हा माझा हिशोब होता, तो चुकला. तुझा बरोबर होता. तू मला न विचारता माझ्यासाठी तयारी करून ठेवलीस आणि किल्ली लेकीकडे दिलीस. अठ्ठावीस वर्षं लोकांना ज्याची भाषणं दिली, ते काम माझ्या घरात तू एकटी करत होतीस.

तीन शिट्ट्या झाल्या. मी खिडकीकडे न जाता शेगडीपाशी उभा राहून मोजल्या. आच बारीक केली, पाच मिनिटांनी बंद केली. आता वाफ जिरते आहे. फोटो काढून मीनलला पाठवायचा आहे. एक वाटी मिसेस लिआंगना नेऊन द्यायची आहे, तूप घालून, चीज नाही. मग दिवाळी अंकांचं पाकीट फोडतो. दुपारचं काही ठरवलेलं नाही.

तोवर निळ्या फोल्डरमधलं पान पुढे ओढलं आणि चार वर्षांपूर्वीच्या डॅशपुढे लिहिलं, "तीन." शेऱ्याचा रकाना रिकामा होता. त्यात लिहिलं, "विचारलं."